जिना

कांग्याला तीन गोष्टी लागतात,
म्वानाईदीने मला व्हॉइस मेसेजवर शिकवलं.
चारी बाजूंनी काठ. मध्ये पोट.
आणि पोटाखाली एक ओळ, म्हण नाहीतर टोमणा,
शेजारणीला न बोलता ऐकवायचा.
त्या ओळीला दार-एस-सलाममध्ये जिना म्हणतात.
जिना म्हणजे नाव.

माझ्याकडे जिना म्हणजे जिनाच.
नागदेवी स्ट्रीटच्या मागे, बहात्तर पायऱ्या,
एकोणिसावी तुटकी.
वर आठ बाय नऊचा गाळा, पोटभाड्याचा.
कॉम्प्युटर आणि पंखा,
दोन्ही एकदम लावले की फ्यूज जातो.
दारावर लिहिलंय 'कोयंडे डिझाइन',
आणि त्याखाली खरा कोयंडा, गंजलेला.
गिऱ्हाईक हसतं. हसू दे, लक्षात तरी राहतं.

लग्नपत्रिकांच्या प्रेसमधली नोकरी सोडली तेव्हा
बाबा एवढंच म्हणाले, "पीएफ काढू नकोस."
काढला.
वर मावशीची भिशी, पस्तीस हजार,
तिचा नंबर होता, तिने मला दिला,
आणि दर महिन्याला फोनवर विचारते,
"काय गं, अजून ते साड्यांचंच?"
साड्या नाहीत मावशी.
"मग आहे तरी काय?"

ती आली होती एकदा, अकरा दिवस.
डोंगरीतल्या लॉजवर उतरली,
झिपा घेतल्या, बकलं घेतली,
माझा जिना चढताना स्वाहिलीत मोजत आली,
एकोणिसाव्याला थांबून काहीतरी बोलली
ते बहुतेक मोजणं नव्हतं.
चोवीस वर्षांची, माझ्याहून तीनने लहान.
तिचं हिंदी सिनेमातलं, माझं इंग्रजी पत्रिकांतलं,
दोघींना भाव मात्र नीट करता आला.
मोबाइलवर तिने तिचं दुकान दाखवलं,
चार बांबू, वर पत्रा,
कारियाकूच्या बाजारात, नंबर चौदा.
"किबांडा," म्हणाली.
टपरी, मी म्हटलं.
"तप्री," तिने म्हणून पाहिलं.

पहिली ऑर्डर सहाशे नग.
ओळ तिनेच पाठवली,
हाबा ना हाबा हुजाझा किबाबा.
थोडं थोडं करून मापटं भरतं.
म्हणजे आपलं थेंबे थेंबे तळे साचे.
मला इतका आनंद झाला की मी पंखा लावला,
फ्यूज गेला,
फाइल उडाली,
रात्री दोनला सगळं पुन्हा टाइप केलं.

कंटेनर न्हावा-शेवाहून सुटल्यावर कळलं.
किबाबाच्या जागी मी लिहिलं होतं किबांडा.
सहाशे वेळा.

तिचा मेसेज आला, सव्वीस सेकंदांचा.
पहिली आठ काहीच नाही, बाजाराचा आवाज,
कुणीतरी नारळ फोडतंय.
मग हसली. मला वाटलं रडतेय, पण हसली.
थोडं थोडं करून टपरी भरते!
आणि लगेच, त्याच श्वासात,
"नगामागे पंधरा रुपये कमी कर."
बारावर तुटलं.
मावशीचा हप्ता त्या महिन्यात चुकला.

विकले म्हणते चारशेच्या वर.
घेतले बहुतेक टपरीवाल्यांनीच,
मासे तळणारीने, सिमकार्डवालीने,
एका पोराने आईसाठी, उधारीवर.
उरलेले तिने पत्र्याखाली बांधलेत, उन्हाला आडोसा.
फोटो पाठवला.
माझी चूक वाऱ्यावर फुगलेली,
खाली ती, डोळे बारीक करून.
मी फोटो मोठा करून आधी काठ पाहिला.
लाल रंग जरा फुटलाय. कुर्ल्याच्या छपाईवाल्याशी बोलायला हवं.

काल नवी ओळ आली.
अर्थ मी विचारला नाही, तिनेही सांगितला नाही,
कुठल्यातरी शेजारणीसाठी असावी.
पंखा बंद केला.
एकेक अक्षर बोट ठेवून मोजलं,
जिना चढताना मोजते तसं.
एकोणिसावं दोनदा.